दिवा मंद ठेवून

वेताळ टेकडीच्या खाणीतला काळा दगड
दस्तगीरभाई खलात कुटतात,
बोहरी आळीतून आणलेल्या मैद्याच्या चाळणीने चाळतात.
चाळणीवर राहतं ते परत खलात,
खाली पडतो तो आमचा धूमकेतू.

तळघरात, पाषाण रस्त्याच्या पातळीखाली,
पोलादी डब्यात एवढी थंडी
की तिच्यापुढे पुण्याचा जानेवारी म्हणजे चूल.
हवा काढून घेतलेली. पंप रात्रभर घोरतो
पाहुणा आलेल्या चुलत्यासारखा.
सूर्य म्हणून एक दिवा,
तोही मी इतका मंद केलाय
की त्याला शनीपल्याडून पाहिलेला म्हणता यावं.

गणित सांगतं, काही उडायचं नाही.
तिथं पाणी म्हणजे खडकच, त्याची वाफ होत नाही;
दुसरा जो वायू सुटतो, त्याच्या अंगात
कणाकणाची मिठी सोडवण्याइतकं बळ नाही.
आणि तरी दुर्बिणीत दिसतं:
धड ऊनसुद्धा न पाहिलेला एखादा
स्वतःभोवती धुळीची साय धरून येतो.
जाड कण, रव्याएवढे,
कधी हरभऱ्याएवढे.

"हलकं आधी उडायला हवं ना?"
दस्तगीरभाई विचारतात.
हवं. पण बारीक कण चिकट,
एकमेकांना सोडत नाहीत.
ढेकूळ टेकलेलं असतं चारच ठिकाणी,
ते धरून धरून किती धरणार.

पहाटे साडेतीनला काचेमागे
एक कण उठला.
आवाज नाही, काही नाही.
उठला, आणि चौकटीबाहेर गेला.

मी वही ओढली: दाब, तापमान, वेळ.
दिवा पाहिला. तेवढाच मंद.
मग बर्फच आतल्या आत कूस बदलत असेल,
घाईघाईत कसाबसा गोठलेला,
आता ओळीत बसता बसता
स्वतःचीच थोडी ऊब सोडत असेल.
असेल.
एका कणावर कोणी शोधनिबंध छापत नाही.

दस्तगीरभाईंनी काचेला नाक लावलं.
"ह्याला मीच चाळला होता," म्हणाले,
आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.

सातला विद्यापीठ चौकात, टपरीवर,
कोवळ्या उन्हात त्यांनी बाही झटकली.
खाणीची धूळ भसकन उठली,
उन्हात तरंगली, खाली बसायला तयार नव्हती.
तिचं कारण मी विचारलं नाही.
फक्त चहावर
हात धरला.