तीन बोटं

माझ्या टेबलावर आरसा नाही, पक्कड नाही.
एक शिक्का आहे, शाईचं पॅड वाळलेलं,
आणि कुणाचं तरी राहून गेलेलं रेशनकार्ड.
सिव्हिलच्या दातांच्या खोलीबाहेरचा हा कोपरा.
आत दात बघतात.
मी बाहेर माणसं धरून ठेवते,
नंबर येईतो निसटू नयेत म्हणून.

सोजरबाई पगारे तीनदा निसटली.
चौथ्यांदा मीच गेले, फुलेनगरला.
गाल सुजून डोळ्याला टेकलेला,
तरी पहाटेच्या टेम्पोनं द्राक्षाच्या शेडवर जायची.
घडातला सडका मणी कात्रीनं काढायचा, हे तिचं काम.
मी म्हटलं, मावशी, एक सडका राहिला तर?
"पेटी जाते की सगळी."
मला वाटलं, जमलं.
मिश्रीचं बोट पदराला पुसत ती म्हणाली,
"दात म्हंजे काय द्राक्ष आहे का, ताई?"

ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं तिथंच संपलं.

मग चहा झाला, चांगला गोडमिट्ट.
दुसऱ्या कपाला ती बोलली:
आईची दाढ काढली, वर्षाच्या आत आईची नजर गेली.
नजर गेली तर मणी कसा दिसणार,
मणी नाही दिसला तर मुकादम कशाला ठेवील.
आणि माझ्या तक्त्यात
'नजर' असा रकानाच नव्हता.

खाडा धरू नका म्हणून मुकादमाला फोन केला.
त्याच्याही गालात तंबाखू,
फोनवर कळतं ते.
मंगळवारी खुर्चीपाशी तिची पिशवी धरून उभी राहिले.
पिशवीत डबा, कात्री, मिश्रीची डबी.
डबीबद्दल त्या दिवशी मी काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी ती दारात.
"ते बघा, तिकडं तारेवर कावळा.
दोन. दोन कावळे."
आणि हसली, खिंडारासकट.

मागं तिचा हर्षद. अंबडला प्रेसवर, वय तेवीस.
"तिखट सोसत नाही म्हणतो. ताटावरनं उठतो."
खिशात पुडी चुरचुरली, त्यानं हात ठेवला वरून.
मी म्हटलं, तीन बोटं जोड,
उभी धर, तोंडात घाल.
दोन गेली.
तिसरं ओठाशी थांबलं, पुन्हा रेटलं, पुन्हा थांबलं.

काही नाही, आत दाखवू, मी म्हटलं,
आणि शिक्का उचलला. पॅड कोरडं.
सोजरबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.
नजर तिची चांगली आहे.