कुठे निघालास?

आमच्या बेटावर वाटेत भेटलेल्याला
कुणी 'कसा आहेस' म्हणत नाही.
'कुठे निघालास?' विचारतात,
आणि उत्तर द्यायचं असतं मोघम:
उत्तरेला. दक्षिणेला. जरा विहिरीपाशी.
जायला जागा आहेच किती!
एका किनाऱ्यावर शिंकलं
तर दुसऱ्या किनाऱ्यावरचा खेकडा बिळात शिरतो.

तेइमारावा मला अशीच भेटली होती, मागल्या वर्षी.
सोळाची. केस ओले.
'कुठे निघालीस?'
'उत्तरेला,' म्हणाली.
मीही मान हलवून पुढे गेले.
हातात लसींचा डबा होता, बर्फ वितळत होता.
दुसऱ्या दिवशी सगळं गाव तिला हाका मारत होतं.

म्हणून तारावाला जाऊन दोन आठवडे शिकून आले,
मनाच्या दुखण्याचं.
प्रमाणपत्र फ्रिजच्या वर टांगलंय,
खाऱ्या हवेनं कडा पिवळ्या.
सोबत दिलेला फॉर्म: नऊ प्रश्न.
'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं?'
आमच्या भाषेत तीनदा लिहिला, तीनदा खोडला.
'उदास'पाशी पेन अडायचं.
शेवटी आईचे शब्द घातले:
आत पाणी चढलंय का?

बिरिआम तेरा वर्षांचा.
फेब्रुवारीच्या मोठ्या भरतीला रात्री पाणी घरात आलं,
चोरासारखं नाही,
घरातल्याच माणसासारखं, चपला न काढता.
त्यानं धाकटीला पाठीवर घेऊन शाळेच्या ओट्यावर बसवलं,
परत जाऊन कोंबड्या आणल्या.
सगळ्यांनी पाठ थोपटली.
कोंबड्यांना दाणे टाकले.
झालं.

तेव्हापासून झोप नाही.
आई म्हणते, आळशी झालाय.
मानेआबात म्हातारे म्हणाले,
पोरांना कसलं आलंय मन,
पोटाला मिळालं की हसतात.
फक्त एकजण, ज्याच्या बाबाईच्या खड्ड्यात खारं पाणी उतरलं होतं,
तो हळूच बोलला:
माझीही पानं महिनाभर हिरवीच होती.

तारावाच्या डॉक्टरीणबाई एकट्या, सगळ्या बेटांना मिळून.
रेडिओच्या खरखरीतून त्यांचा आवाज:
घाई नको. भेटत राहा. ओव्हर.

भेटत राहिले.
दर मंगळवारी, फणसासारख्या त्या झाडाखाली
ज्याचं फळ आम्ही भाकरीसारखं भाजतो.
तो मांडीवर काथ्या वळायचा, मी बँडेजच्या घड्या घालायचे.
पाच मंगळवार नुसती दोरी वाढली.
सहाव्याला मी सवयीनं विचारलं, कुठे निघालास?

त्यानं वर पाहिलं.
'खरंच सांगू?
सर म्हणाले, आपलं सगळं बेटच निघालंय.'

दोन आठवड्यांच्या शिकवणीत
याला उत्तर नव्हतं. फॉर्ममध्ये चौकट नव्हती.
मी म्हटलं, मलाही भीती वाटते रे.
म्हटलं आणि वाटलं, चुकलं.
त्यानं काथ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं,
'ताणून धर,' म्हणाला.

त्या रात्री तो झोपला, असं काही नाही.
पण पुढल्या मंगळवारी धाकट्या रेरेइएताला घेऊन आला,
ती नखं रक्त येईपर्यंत खाते.
मग दोघं भाऊ आले, ज्यांचा बाप जहाजावर असतो
आणि फोनवर फक्त 'अभ्यास कर' म्हणतो.
फळी पुरेना.
खड्डेवाल्या म्हाताऱ्यानं जुन्या होडीची बाजू कापून दिली बसायला.

मंत्रालयाला मागणीपत्र लिहिलंय.
माणूस: आणखी एक, कायमचा.
होडीला पेट्रोल, उत्तरेच्या गावापर्यंत, आठवड्यातून दोनदा.
शाळेतल्या सरांनाही पाठवा शिकायला,
काय सांगावं यापेक्षा, सांगून झाल्यावर
वर्गात कसं थांबावं, ते.
उत्तर आलेलं नाही. बोट महिन्यातून एकदा येते.

काल अंधारून येताना मी बादली घेऊन चालले होते.
समोरून बिरिआम.
'कुठे निघालीस, नर्सबाई?'
'जरा विहिरीपाशी.'

इथे माणूस मान हलवतो आणि पुढे जातो.
तो गेला नाही.
दोरीचं भेंडोळं खांद्यावर सावरून
उभा राहिला.