दबा

डिसेंबर. तीन वाजताच अंधार.
तळघरातल्या टेबलावर चौकटींचा कागद.
मी पेन्सिलीने पायवाट काढतो
आणि लगेच ती अरुंद करतो.
पण इतकीही नाही, की येणाऱ्याला वाटावं
ही कुणीतरी केली.

डावीकडे दलदल, तिच्यावर बर्फाचा पापुद्रा,
चिलखताचं वजन न पेलणारा.
उजवीकडे कडा, वर ग्रॅनाइटचे धोंडे.
ऑगस्टात मी ब्लूबेरी वेचायला जातो तिथलेच,
फक्त त्यांच्यामागे आता सहा गॉब्लिन.

सहाच का?
कधीपासून बसलेत? काय खाऊन?
लघवीला कुठे जातात?
हे कुणी विचारत नाही,
म्हणून बहुतेक दबे कागदीच राहतात.
उपाशी पोटी तासभर निश्चल बसणं काय असतं
मला माहीत आहे. एल्कची वाट बघत बसलोय
वडिलांसोबत, थर्मास रिकामा होईतो,
आणि त्यानंतरही.

म्हणून एकाला मी खोकला दिला.
एकाला फाटका बूट.
धाकटीला (हो, त्यांत एक धाकटीही आहे)
झोप आवरत नाही.
आता नावं द्यावीशी वाटतात. देत नाही.
नाव दिलं की फासा टाकताना हात कचरतो.

नियम एकच, माझा मीच केलेला:
चाहूल दिल्याशिवाय झडप घालायची नाही.
गप्प झालेले पक्षी.
सगळ्या फांद्या पांढऱ्या, एकच हिरवी,
कुणाचा तरी खांदा लागून झटकलेली.
वाऱ्यावर वास, धुराचा नव्हे,
घाईने विझवलेल्या धुराचा.
कानोसा घेणाऱ्याला एवढं पुरे.

कागदाची गिरणी बंद झाली
तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, अचानक.
अचानक कसलं?
कॉफीचं मशीन वसंतातच बिघडलं होतं,
कुणी दुरुस्त केलं नाही.
नवे हातमोजे यायचे थांबले.
हेलसिंकीहून आलेला एक सूटवाला
चार नंबरच्या रोलरचे फोटो काढत होता,
विकायच्या घोड्याचे काढतात तसे, दात दिसतील असे.
मनात पाल चुकचुकली नाही असं नाही.
एकोणीस वर्षं रोज त्याच वाटेने गेलो.
फासा माझ्याच हातात होता.

शनिवारी तिघं येतात. बूट दारात, मोजे ओले.
वेइयो ढाल घेऊन पुढे, नेहमीसारखा.
अन्सेल्मी चिप्स खातोय,
त्याच्या जादूगाराला आज काही दिसत नाही.
मी म्हणतो, "जंगल शांत आहे."
एवढंच. मान खाली.
हे वाक्य सपाट यावं म्हणून
आठवडाभर गाडीत सराव केलाय.

साइमी टपाल वाटते, रोजचा सत्तर किलोमीटरचा फेरा.
ती फासा उचलते, पण टाकत नाही.
"शांत म्हणजे कसं?" विचारते.
"कुत्रा नसलेल्या घरासारखं,
की कुत्रा असून न भुंकणाऱ्या घरासारखं?"

तीन आठवड्यांची मेहनत. कडा, दलदल, सहा बाण.
खोटं बोलता आलं असतं.
"दुसरं," मी म्हणतो.

मग ती सगळ्यांना थांबवते.
तलवार काढत नाही. ऐन वाटेवर शेकोटी पेटवते,
भांड्यात सुकं मांस टाकते, तिघांना पुरून उरेल इतकं,
आणि धोंड्यांकडे न बघता, जरा मोठ्याने:
"निवेल हं. लवकर या."

माझ्या वहीत यासाठी काहीच नाही.
कड्यावर आधी कोण हलेल, ठाऊक नाही.
पडद्याआड मी वीस बाजूंचा फासा टाकतो,
हिरवा, एक कोपरा झिजलेला,
आणि आकडा बघायचं लांबवतो.

तेवढ्यात कुणीतरी खोकतं.

"तू, की तो?"
वेइयो विचारतो,
ढाल अजून खाली न ठेवता.