पाकीट क्रमांक सात

आत एकच तंतू.
तीन मिलिमीटर, पापणीच्या केसाहून बारीक.
मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामाच्या दारात
खिळ्याला अडकलेला सापडला.
नुसत्या डोळ्यांना काळाच.
भिंगाखाली पिळलेल्या फितीसारखा, म्हणजे सुती,
आणि जांभळा. पिकलेल्या वांग्याचा जांभळा.

काचपट्टी. थेंबभर ग्लिसरीन. वर झाकणकाच.
झेनॉनचा दिवा लावते.
पडद्यावर रेघ चढते, वळते, उतरते
आयर्विन पुलाच्या एका कमानीसारखी.

पुन्हा घ्या, असं नियम म्हणतो.
घेते. कमान किंचित बसलेली.
पुन्हा.
पाचव्या खेपेला मुजावर मागून म्हणाला,
"बाई, पुरे आता.
तुम्ही बघताय म्हणून विटतोय तो."

आई सांगायची, हळदीचा डाग घासत बसू नको,
उन्हात टाक, ऊन खाईल.
वखारभागातल्या गच्चीवर
माझा शाळेचा ब्लाऊज दुपारभर पडून असायचा,
वर चार विटा, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
संध्याकाळी पांढराशुभ्र.
मला ती उन्हाची माया वाटायची.
रेणू तुटतो, हे फार नंतर शिकले,
आणि तुटलेला रेणू
दिवा विझवला म्हणून परत जुळत नाही.

ज्याच्याशी जुळवायचा तो सदरा
पाकीट क्रमांक अकरामध्ये.
कॉलर विरलेली, पाठ फिकट,
खांदे तर जवळजवळ राखाडी.
काखेत मात्र अजून दुकानातला रंग.
किती उन्हाळे हा माणूस उघड्या ट्रकवर
पोती चढवत होता
याचाही अंदाज बांधता आला असता.
तपासाच्या पत्रात तो प्रश्न नाही.
पत्रात एकच ओळ आहे: जुळतो की नाही?

काखेतल्या धाग्याशी जुळतो.
खांद्याच्या धाग्याशी, पहिल्या वाचनाला, नाही.
पाचव्या वाचनाला, थोडासा.

हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

मार्चमध्ये तारीख लागेल.
बचावाचे वकील रुकडीकर दोन फोटो शेजारी ठेवतील,
चष्मा कपाळावर चढवून विचारतील,
"मॅडम, हा जांभळा, हा करडा. तंतू एकच ना?"
एकच.
"मग रंग कुणी उतरवला?"
दिव्यानं. मी. आम्ही दोघांनी.
हसतील कोर्टात कुणीतरी मागच्या बाकावर.
आणि ते थांबून, अगदी सभ्यपणे विचारतील,
"तुम्ही पाहण्याआधी कोणता होता?"

खिळ्यावर तो चार दिवस होता.
दार पश्चिमेचं.

शटर पाडते. मुजावर पंखा बंद करतो,
डबा उचलतो, जिना उतरतो.
नोंदवहीत रंगाच्या आधी
मी आज दुसरंच काही लिहिते:
उजेड, पाच वेळा मिळून, बेचाळीस सेकंद.
सही करते.
एवढा माझा वाटा.