लाल पडद्यासमोर

पोतोसीत, खाणीकडे चढणाऱ्या रस्त्याला
माझं फोटोचं दुकान. आठ बाय सहा.
एक स्टूल, एक लाल पडदा,
साखळीला बांधलेला एक कंगवा,
कारण लोक तोसुद्धा नेतात.

तेवीस वर्षं एकच वाक्य बोलते आहे:
हनुवटी वर, सेन्योरा. अजून थोडी.
आणि हनुवटी काही वर येत नाही.
जिनं जन्मभर पाठीवर बटाट्याचं गाठोडं वाहिलं
तिची मान पुढे निघून गेलेली असते,
बाई अजून मागेच, चढावर.

कुणी नुसतं टेकलं तरी मला कळतं
हा उजव्या कुशीवर झोपतो,
हिची दाढ किडली आणि दुसरी बाजू राबते आहे,
हा तोंड उघडं टाकून श्वास घेतो,
इथे, जिथे हवासुद्धा मोजून मिळते.

दोन सेवेरो पेन्शनच्या कागदासाठी आले.
एकेचाळीस वर्षं डाव्या गालात कोका.
त्या दिवशी पाला थुंकून, तोंड धुऊन आले होते,
तरी गाल तसाच,
पाहुणा गेल्यावरही अंथरूण पडून राहावं तसा.
खाणीनं त्यांच्या तोंडाला पानं पुसली,
यांनी ती गालात ठेवून दिली.
म्हणाले, दोन्या फिदेलिया,
दोन्ही बाजू सारख्या कर ना.
केल्या. कॉम्प्युटरवर, पाच मिनिटांत.
फोटो बघून ते म्हणाले, हा कोण?
खिडकीतल्या पोरीनंही तेच विचारलं.
पुन्हा काढावा लागला. पैसे नाही घेतले.

आणि माझा विल्मर, वय सतरा,
जीभ टाळूला चिकटवून बसतो.
फोनमधल्या कुणीतरी त्याला सांगितलंय
की असं केलं म्हणजे जबडा कोरल्यासारखा निघतो.
उशी फेकून दिली. उताणाच झोपतो.
रात्री ओठांवर चिकटपट्टी,
माझ्याच दुकानातली, पाकिटं बंद करायची.
मी दोनदा उठून बघते
नाक चालतंय ना.
दिवसा काही विचारावं
तर मूग गिळून बसल्यासारखा,
मूग नाहीत, नुसती जीभ.
वाळकं मांस चावतो, शंभरदा उजवीकडे, शंभरदा डावीकडे,
पुटपुटत मोजतो,
हिशेब चुकला की पहिल्यापासून.

मी हसत नाही. मीही सतराची असताना
नाकाला कपड्याचा चिमटा लावून झोपले होते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
त्याला फोटो हवा असतो. एक समोरून, एक बाजूनं.
अकरा महिने झाले. काल दुकान रिकामं होतं,
मी सगळे काउंटरवर मांडले, फूटपट्टी लावली.
जबडा होता तिथेच आहे.
पुढे सरकली ती फक्त मिशी.

मग समोरून काढलेले बघत गेले, आणि थांबले.
त्याचा डावा डोळा.
पापणी जराशी उतरलेली,
दुपारी जेवायच्या वेळी मी शटर ओढते तेवढीच.

ही पापणी माझी.
तेवीस वर्षं उजवा डोळा कॅमेऱ्याला
आणि डावा मिटलेला. ती आता पूर्ण उघडतच नाही.
पण त्यानं तर कॅमेरा कधी हातात धरला नाही.
याच काउंटरवर, शेंगांच्या खोक्यात बसून
तो दिवसभर मला बघत असायचा,
मी परक्या माणसांना बघत असताना.
त्याला वाटलं असेल
माणूस नीट बघायचं तर एक डोळा मिटावा लागतो.
शाळेत मास्तर ओरडायचे, डोळे काय मारतोस.

त्याला सांगितलं नाही मी.
सांगितलं तर तेही सुधारायला घेईल,
त्याचेही व्यायाम असतील फोनमध्ये.

रविवारी येईलच, केस ओले करून.
पाठ ताठ, ओठ बंद, जीभ वर.
हनुवटी, मी म्हणेन, सवयीनं.
डोळा मिटेन.
तोही.