चौदावा

वहीत चौदा. कोठीत तेरा.
खाण बंद झाली त्या साली कुणीतरी मोजले होते,
निळ्या शाईनं, घाईत, सातला आडवी रेघ देऊन.
मग कंपनी विकली, मग जिनं घेतली तीही विकली,
आणि शेवटचा मालक फोनवर म्हणाला,
आम्ही खड्डा घेतलाय बाई, वह्या नाही.

कितवेच्या पुढे, डांबर संपतं तिथे,
सिमुकोंडा गाडीच्या काचा वर करतो.
काचेनं काय अडणार आहे? मी विचारते.
धूळ, तो म्हणतो.
बरोबर आहे. तेवढीच अडते.

तीन दिवस भंगारवाल्यांना चित्र दाखवत फिरतोय:
पिवळ्यावर काळी तीन पाती.
पंखा, एक म्हणाला. फूल, त्याचा पोरगा म्हणाला.
एका म्हाताऱ्या फिटरनं चित्र हातात घेतलं,
डोक्यावरची टोपी काढली,
चित्र परत दिलं, आत गेला
आणि दार लावून घेतलं.

बाना कापेम्ब्वाच्या आवारात
गिअर, बादल्या, एका रुग्णालयाचा पलंग,
वर जकरंडाचा जांभळा सडा.
मीटर आपलं नेहमीचं पुटपुटत होतं,
दगडाशी, आभाळाशी;
फाटकापाशी गेलं आणि
तव्यावर मक्याचे दाणे टाकल्यासारखं
तडतडायला लागलं.

फाटकाला अटकाव म्हणून ठेवलाय, बाना म्हणाली.
वारा सुटला की आपटतं ना.
सहा वर्षं.
मी गुडघे टेकून पाहिलं, लांब चिमट्यानं माती झाडली.
झडप बंद होती.
पितळी कुलूप, त्याच्यावर तारेची तीन वेटोळी,
फिटर लोक मारतात तशी, टोक आत वळवून,
कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.
शेवटच्या पाळीला, पगार थकलेला असताना,
कुणीतरी थांबून हे केलं.
त्याची सही वहीत नाही.

पत्र्यावर साल कोरलेलं: माझ्या जन्माचं.
सीझियम तीस वर्षांत निम्मं होतं,
मग निम्म्याचं निम्मं.
सुंभ जळतो, पीळ राहतो,
तशी तीनशे वर्षं याच्याजवळ बसायचं कुणीतरी.
आज मी. माझ्यानंतर, भरती उठली तर, आणखी कोणी.
काँक्रीटमध्ये बसवू, वर पाटी लावू,
कुठल्या भाषेत लावू ते मला सुचत नाही.
बेंबा तीनशे वर्षांनी कशी बोलत असेल?
तेव्हाही पोरं म्हणतील का, फूल?

अठ्ठेचाळीस किलो आहे, बाना म्हणाली,
मी वजनावर घेतलाय. फुकट नाही देणार.
मी तिला सगळं सांगितलं, तुझी तब्येत, तपासणी,
झडप उघडली असती तर काय झालं असतं.
तिनं शांतपणे ऐकलं.
मग शिशाचा आजचा भाव सांगितला.

सरकारी अर्जात भरपाईचा रकाना नाही.
सिमुकोंडा गाडीच्या टायरकडे बघत राहिला.
मी पाकीट उघडलं: चारशे क्वाचा,
धाकट्याच्या शाळेचे.
तिनं नोटा चितेंगेच्या गाठीत बांधल्या
आणि एक वीट आणून
फाटकाला लावली.

परतताना मागे शिसं, काँक्रीट, साखळदंड,
पुढे आम्ही दोघं, मध्ये मोजलेलं अंतर.
फिटरच्या घराशी मी गाडी हळू घ्यायला लावली.
दार बंदच होतं. खिडकीत टोपी दिसली,
किंवा टोपीसारखं काही.
मी हात वर केला, असू दे म्हणून.

रात्री कोठीत वही उघडली.
चौदाव्या ओळीसमोर लिहिलं: सापडला.
झडप बंद. कुलूप शाबूत.
किमतीपुढे शून्य घातलं,
आणि माझ्याही नकळत
तारखेतल्या सातला
आडवी रेघ दिली.