फळीखालचा उजेड

चोपड्याबाहेर, अडावदच्या रस्त्याला,
केळीच्या बागेच्या तोंडाशी ट्रक उभा.
ट्रकला टेकवलेली फळी,
फळीखाली मी चिकटवलेल्या चाळीस चकत्या,
रुपयाएवढ्या, पितळी, मधोमध पांढरा थर.
गारगोटीची चुलत भावंडं, भट्टीत भाजलेली.
दाबलं की वीज देतात. थोडी.

"गॅसच्या लायटरमध्ये असतं ना, तसंच," मी म्हणाले.
मुकादमाने फळीवर एक उडी मारून पाहिली
आणि लायटर न पेटल्यासारखा चेहरा केला.

माझे वडील बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करायचे.
एका डोळ्याला भिंग, दुसरा मिटलेला,
चिमट्यात तांदळाच्या कणीएवढी नळी.
"हिच्यात गारगोटी आहे," सांगायचे,
"सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरते.
पंधरा वेळा निम्मं करत जा."
मी पाटीवर करून पाहिलं.
खरंच, शेवटी एक उरला.
मे महिन्यात, पारा सेहेचाळीसला,
घड्याळ मागे पडतं म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं तर
ते फुंकर मारत झाकण लावायचे:
"दिवसाला सेकंदभरच ना?
अहो, या उन्हात दगड दमतो,
तुम्ही तरी कुठे वेळेवर पोचता?"

सुभान तडवी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड,
सदरा केळीच्या चिकाने काळा.
तो फळी चढतो
आणि माझ्या पडद्यावर रेघ उसळते.
रिकामा उतरतो, रेघ बुटकी.
संध्याकाळी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी टेकला.
"मना पायखाल दिनभरमा कितली लाईट निघनी, ताई?"
पंधराशे पावलं. मी हिशोब मांडला.
"हा बारका दिवा, अडीच मिनिटं."
वाटलं, हसेल, नाहीतर चिडेल.
"अडीच मिनिट बहु शे," तो म्हणाला,
"रातले इच्चू दखाले इतलंच लागस."

त्या रात्री रेघा नीट पाहिल्या.
उजवा, डावा, उजवा, डावा.
सकाळी बरोबरीने.
दुपारनंतर डावा घाईने उचललेला,
निखाऱ्यावर पडल्यासारखा.
चकतीला नाव कळत नाही, गाव कळत नाही.
गुडघा कळतो.

विचारलं तर तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिला.
"मुकादमले सांगू नको, माय."
वर्ष झालं होतं.
टोळीत लंगड्याला कोणी ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम आलाच,
"तुमचं मशीन सांगतं का, ढिला कोण चालतो?"
"त्याला फक्त वजन कळतं," मी म्हणाले,
चाळीस चकत्यांच्या वतीने पहिलं खोटं.
फाईल पुसून टाकली.
नाही, पुसली नाही. नाव तेवढं खोडलं.
आणि अहवालात लिहिलं की फळी लांब घ्यावी,
चढ कमी असला तर वीज जास्त मिळते.
हे बहुधा खरं नाही.
पण फळी आता लांब आहे.

परवा त्याने सातपुड्याच्या नाल्यातून
दोन गारगोट्या आणल्या, कमरेच्या गाठीत बांधून.
पंपाच्या खोलीत दार लोटलं.
"दिवा मालवी दे."
घासल्या.
उजेड दगडावर नव्हता, आत होता,
चिक्कूच्या गराच्या रंगाचा,
त्यात त्याची नखं दिसली, चिकाने काळी.
"याले वायर लागत नही," तो म्हणाला,
आणि पुन्हा घासल्या, आणि पुन्हा,
लहान पोरासारखा, पुरे म्हणेना.

मोजायला मी काही नेलंच नव्हतं.
दार उघडल्यावरही खोलीत बराच वेळ
जळका वास होता,
वडिलांनी मनगटी पट्ट्याचं टोक मेणबत्तीवर धरलं
की यायचा, तसा.